बत्तीसपट बारीक

माझं काम ओरखडे घालवायचं.
सांगलीत, शंभर फुटी रोडला, टायरवाल्याच्या शेजारी,
पोचे उपसायचे, पुट्टी भरायची,
पाणीपेपर घासून घासून बोटांचे ठसे गेले,
बँकेत अंगठा लागत नाही.

तर हिंगमिरे साहेब आले, एअरफोर्सातले रिटायर फिटर,
खोका दोन्ही हातांवर, बाळंतविडा आणल्यासारखा.
आत विमान. प्लास्टिकचं, राखाडी, हातभर लांब.
"मिग. एकास बत्तीस. जोडलंय मी.
मुजावर, आता हे जुनं करून द्या."

मी म्हटलं, साहेब,
जुनं करायला अजून कोणी काही आणलेलं नाही.
म्हणाले, "चौदा वर्षं पुसत होतो याला.
पुसून झालं की उडायचं, येताना मळून यायचं.
मळलेलंच ओळखू येतं मला."

महिनाभर रात्री बसलो, शटर अर्धं ओढून.
आधी काळा. वर चंदेरी,
गवळ्याच्या दुधाइतका पातळ.
ओल्या अंगावर वाटलेलं मीठ टाकलं, वरून पुन्हा रंग,
वाळल्यावर बोटानं झाडलं:
मीठ होतं तिथं पापुद्रा उडालेला,
दहा उन्हाळे एका संध्याकाळी.
शेपटाकडची भाजकी मला कोणी शिकवायला नको.
बुलेटच्या सायलेन्सरला मानेपाशी जो निळा चढतो,
मग जांभळा, मग मधाचा,
तोच लावला.

अडलो धुळीवर.
मी राहतो मार्केट यार्डामागं. आमची धूळ पिवळी,
हळद बसते उशीवर, चहाच्या सायीवर.
"ही नको. तिकडची पांढरट होती.
आणि जाड दिसतीय. बत्तीसपट बारीक पाहिजे."
धूळ?
"धूळच. विमान एवढंसं झालं,
मग धूळ एवढी कशी चालेल?"
शेवटी कृष्णेचा गाळ वाळवला,
बायकोच्या ओढणीतून चारदा गाळला,
त्यात घामोळ्याची पावडर.
विमानाला वास यायला लागला
दुपारी झोपवलेल्या पोराचा.

साहेबांकडं एकच फोटो, काळापांढरा.
त्यात डाव्या चाकाच्या वर एक काळा ओघळ.
मी काडीवर रंग घेतला, तर मनगट धरलं.
"तो नको.
ती गळती काढली होती मी. वहीत सही आहे माझी."
फोटो आधीचा की नंतरचा,
मी विचारलं नाही. काडी पुसून ठेवली.

अकरा दिवस आले नाहीत.
बाराव्या दिवशी मी शटर उघडायला गेलो,
तर पायरीवर बसलेले, चप्पल काढून.
"लावा तो डाग. काळा नको पण.
ते तेल लाल असतं."
मी चहा सांगितला.
"सील नव्हतं स्टोअरला. यायचं होतं.
पुसलं, आणि सही केली.
संध्याकाळपर्यंत धावपट्टीकडं बघत उभा होतो.
आलं. उतरलं नीट.
काही झालं नाही."
चहा आला.
"काही झालं नाही," पुन्हा म्हणाले,
पिवळट सायीवर फुंकर घालत.

दोन केस मिळून जाड, एवढाच ओघळ.
सरळ खाली नाही, वाऱ्यानं मागं ओढलेला, तिरका.
त्यांनीच दाखवला, करंगळीच्या नखानं, न टेकवता.
वरून लॅकर मारला.
पैसे किती, ते ठरेना. तीनशे घेतले.
रंगाचेच बाराशे झाले होते.

दिवाळीच्या आवराआवरीत फोन:
वहिनींनी ओलं फडकं फिरवलं, धूळ गेली बरीच.
गाळ उरलाय, म्हटलं, पुन्हा टाकून देतो.
"नको. धूळ पुसायचीच असते."
आणि ओघळ?
तिकडं कपाटाचं दार वाजलं, काच सरकली.
"आहे," म्हणाले.
"तिनं दोनदा घासला. आहे."